माळ्यावरच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी आणि डिस्का: स्वतःपुरती प्रत कशी काढायची?

शनिवारपेठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माळ्यावरून एक खोकं खाली आलंय. त्यात नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम (नाव पुसलंय, पण आतून निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी मशीनचाच नकली भाऊ), त्याच्या पिवळ्या कॅसेटी, त्यातलीच एक '९९९९९९९ इन १', प्लेस्टेशन १ च्या काळ्या पाठीच्या मोजक्या डिस्का, प्लेस्टेशन २ च्या जरा जास्त, दोन्हींची मेमरी कार्डं आणि गेम बॉय ॲडव्हान्स, आत पोकेमॉन सफायर.

टीव्ही गेम चालू होतो, पण नव्या टीव्हीला ती पिवळी पिन खुपसायला जागाच नाही. प्लेस्टेशन १ ची लेन्स गेल्यासारखी वाटते. हे सगळं लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) खेळायचंय, पण नेटवरून उतरवून नव्हे. माझ्याच कॅसेटींतून आणि डिस्कांतून प्रत काढून. कोणी केलंय का? काय सामान लागतं, आणि मुख्य म्हणजे आधी कशाला हात घालावा? लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. सोल्डरिंग येतं, प्रोग्रामिंग बेताचंच.

डाउनलोडराव

रुमाल टाकून बसतो. एक बाळबोध प्रश्न: सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० केबीचा आहे. व्हॉट्सॲपवरचा शुभ सकाळचा गुलाबसुद्धा त्याहून मोठा असतो. दोन मिनिटांत उतरणाऱ्या गोष्टीसाठी यंत्रं मागवायची, पिना पुसायच्या, हा खटाटोप कशासाठी?

बंड्या_९०

+१. मलाही हेच विचारायचं होतं.

शून्यएक

@डाउनलोडराव, कायद्याचं वकिलीणबाई येऊन सांगतीलच, मी त्यात पडत नाही. मारिओपुरतं म्हणाल तर तो जगाच्या पाठीवर कुठून नाहीसा होणार नाही, हे खरं. पण नेटवर शनिवारपेठींचा सफायरचा सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची साठवलेली नोंद, नाही. त्यांच्या मेमरी कार्डांवरचं काही नाही. त्या '९९९९९९९ इन १' चं तर विचारूच नका. तेच नाव, तेच स्टिकर, पण आतला मेन्यू, खेळ, बोर्ड सगळं निराळं, असा प्रकार सर्रास आहे. त्यांची नेमकी कॅसेट दुसऱ्या कोणी वाचून ठेवली असेलच असं नाही.

दुसरं असं की नेटवरच्या फायलीला कोणाकोणाचे हात लागलेले असतात. कोणी भाषांतराचा पॅच मारलेला, कोणी पुढे आपली जाहिरात चिकटवलेली, कोणी इम्युलेटरला सोपं जावं म्हणून काही बाइट बदललेले. स्वतः काढलेली प्रत कुठून आली ते तरी माहीत असतं.

आणि सगळं नेटवर मिळतंच, हाही गैरसमज आहे. विकत घ्यायचं म्हटलं तर त्याहून वाईट. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली मोजलं, तर अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याच रूपात विकत मिळत नाहीत. आपल्याकडचं असं मोजमाप माझ्या पाहण्यात नाही. पण २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' आज नवा कुठे मिळतो ते शोधून बघा.

गोगलगाय

क्रम विचारलात ते बरं केलंत, कारण बहुतेक जण मारिओच्या कॅसेटपासून सुरुवात करतात. ती सगळ्यात शेवटी घ्या. त्या काळच्या कारखान्यातल्या कॅसेटीत खेळ मास्क रॉमवर असतो, म्हणजे चिप बनतानाच आत कोरलेला. ती आणखी काही वर्षं माळ्यावर राहिली तरी बिघडत नाही. ज्यांचे दिवस भरत आलेत ते आधी: सेव्ह, मग डिस्का, मग कॅसेटी.

सफायर. कॅसेट अस्सल असेल तर तुमचा सेव्ह फ्लॅश मेमरीत आहे, १२८ केबी. आतली बॅटरी फक्त घड्याळापुरती. म्हणून सुरू करताना बॅटरी संपल्याचा संदेश आला तरी घाबरू नका. बेरीची झाडं वाढायची थांबतात, सेव्ह शाबूत असतो. पण आपल्याकडे दुकानांतून आलेल्या या कॅसेटींत नकली भरपूर होत्या, आणि नकलीत पुष्कळदा सेव्ह बॅटरीवरच्या एसरॅममध्ये टाकलेला असतो. तिथे बॅटरी गेली की सेव्ह गेला. अस्सल सफायरचं प्लास्टिक निळं, पारदर्शक असतं आणि पिनांच्या लगेच वर बोर्डावर निन्टेन्डो छापलेलं दिसतं.

वाचण्यासाठी जीबीएक्स-कार्ट आरडब्ल्यू नावाचं तळहातात मावणारं यूएसबी यंत्र मिळतं, सोबत फ्लॅशजीबीएक्स हे फुकट सॉफ्टवेअर. एपिलॉग कंपनीचं जीबी ऑपरेटर म्हणूनही एक आहे. ते जास्त देखणं आणि जास्त महाग. गेम बॉय, गेम बॉय कलर आणि ॲडव्हान्स, तिन्हींच्या कॅसेटी दोन्हींत चालतात. आधी सेव्हचा बॅकअप, मग रॉमचा, म्हणजे खुद्द खेळाचा. त्याच पडद्यावर कॅसेटीत लिहायचीही बटणं असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रत दोनदा काढा आणि दोन्ही फायली तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. नसतील तर पिना मळलेल्या आहेत.

पिना पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं, आणि कानकोरणीचा कापूस. आणि आपण सगळ्यांनी लहानपणी केलेली ती फुंकर मारायची नाही. तोंडातला ओलावा तांब्याला गंज आणतो. तेव्हा कॅसेट चालायची ती पुन्हा काढून नीट बसवल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला.

मृदुला_एडिसन

वाचते आहे, आणि घाबरले आहे. माझ्याकडे गेम बॉय कलरवरचा पोकेमॉन गोल्ड आहे, इथेच अमेरिकेत एडिसनला घेतलेला, अस्सल. सेव्ह अजून उघडतो. बॅटरी बदलून घ्यावी म्हणून नवरा सोल्डरिंग गन घेऊन तयारच बसलाय.

गोगलगाय

मृदुलाताई, आधी त्यांच्या हातातून गन काढून घ्या!

गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सेव्ह ३२ केबीच्या एसरॅममध्ये असतो आणि तो त्या सीआर २०२५ बॅटरीवरच जगतो. बॅटरी काढली त्या क्षणी सेव्ह पुसला. त्यात या खेळाला दिवस-रात्र असल्यामुळे आतलं घड्याळ गेम बंद असतानाही चालू असतं आणि बॅटरी खात राहतं. म्हणून गोल्ड-सिल्व्हर आधी मरतात आणि त्यांच्याहून जुन्या रेड-ब्लूचे सेव्ह कित्येकदा अजून जिवंत सापडतात. तुमचा उघडतो आहे हे नशीब. यंत्र मागवा, सेव्ह उतरवून घ्या, मग बॅटरी बदला, मग तोच सेव्ह परत कॅसेटीत लिहा. बॅटरी टॅबवाली घ्या, म्हणजे पाय आधीच जोडलेली. साध्या बटण-सेलला थेट सोल्डर लावणं धोक्याचं.

मृदुला_एडिसन

गन जप्त. यंत्र मागवलं. दादा, धन्यवाद.

रत्नांग्रीचा_वारा

इकडे कोकणात डिस्कांची वेगळीच कथा. चार पावसाळे कपाटात काढले की डिस्कच्या पाठीवर बुरशीची नक्षी उठते. माझ्या पीएस २ च्या निम्म्या डिस्का तशा झाल्या होत्या. साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवायचं नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो, आडवा गेला तर चूक-दुरुस्तीची सोय सावरून घेते. बुरशी वरवर असेल तर निघते. चकाकणाऱ्या थरापर्यंत पोचली असेल तर ती डिस्क गेली म्हणा.

धुऊन झाल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.

बंड्या_९०

टूथपेस्ट लावून ओरखडे जातात ना?

रत्नांग्रीचा_वारा

टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. कधी एखादा ओरखडा जातो, सोबत पन्नास नवे येतात. प्रत निघाली नाही तरच शेवटचा उपाय म्हणून, आणि तेही टाकाऊ डिस्कवर हात बसल्यावर.

शून्यएक

डिस्कांचं सविस्तर लिहितो, कारण शनिवारपेठींचा मोठा ढीग तोच आहे.

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी रायटर साधारण दीड-दोन हजारांत येतो. पीएस १ आणि पीएस २ दोन्हींना तो पुरतो. आधी डिस्का वेगळ्या करा. काळी पाठ म्हणजे पीएस १ ची सीडी. पीएस २ मध्ये निळी पाठ असेल तर ती सीडी, चंदेरी असेल तर डीव्हीडी. हे वेगळं केलं नाही तर पुढे गोंधळ होतो.

पीएस २ ची डीव्हीडी सगळ्यात सरळ. विंडोजवर इमगबर्न, 'डिस्कवरून इमेज तयार करा', निघाली आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल. ती पीसीएसएक्स २ या पीएस २ च्या इम्युलेटरमध्ये उघडते. बास.

सीडीचं तसं नाही, आणि इथेच लोक फसतात. सीडीवरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (डेटाच्या एका तुकड्यात) २३५२ बाइट असतात, आयएसओ त्यातले २०४८ उचलते आणि बाकीचे टाकून देते. साध्या डेटा सीडीला चालतं. पीएस १ च्या डिस्कवर मात्र व्हिडिओ आणि चालता आवाज वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये असतो, त्यात कामाचे बाइट २३२४. शिवाय कित्येक खेळांचं पार्श्वसंगीत साध्या ऑडिओ सीडीसारख्या वेगळ्या ट्रॅकमध्ये असतं. आयएसओ काढली की खेळ सुरू होतो, पण मुका होतो, किंवा पहिल्याच व्हिडिओला अडकतो. म्हणून सीडीची प्रत कायम बिन आणि क्यू या जोडीत. बिनमध्ये सगळा कच्चा माल, क्यूमध्ये कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी. क्यू ही साधी मजकुराची फाइल आहे. बिनचं नाव बदललंत तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून तिथेही बदला.

आणखी एक खोच. आपल्याकडे आलेल्या अस्सल डिस्का बहुधा पाल, म्हणजे युरोपीय आवृत्तीच्या. त्यातल्या काहींना लिबक्रिप्ट नावाचं कुलूप आहे. त्याची किल्ली सबचॅनल म्हणून जो बाजूचा डेटा असतो त्यात दडलेली, आणि बिन-क्यूमध्ये तो येतच नाही. असा खेळ नीट सुरू होतो आणि पुढे कुठेतरी मध्येच गोठतो. त्यासाठी रीडंपर हा डिस्क वाचणारा प्रोग्राम वापरा. तो सबचॅनलही वाचून ठेवतो. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर एमपीएफ नावाचा त्याचा खिडकीवाला मुखवटा आहे.

प्रत निघाली की पडताळा. रीडंप नावाचा डिस्कांच्या प्रतींचा जागतिक दप्तरखाना आहे, कॅसेटींसाठी तसाच नो-इंट्रो. तिथे खेळ मिळत नाहीत, फक्त अस्सल प्रतीच्या प्रत्येक ट्रॅकचा आकार आणि सीआरसी, एमडी ५, शा-१ हे बोटांच्या ठशांसारखे ओळख पटवणारे आकडे मिळतात. तुमच्या फायलीचा आकडा जुळला तर तुमची प्रत बाइट न् बाइट बरोबर. यापेक्षा समाधानाची गोष्ट या छंदात दुसरी नाही, निदान मला तरी.

जागा वाचवायची तर सगळं सीएचडी या दाबून लहान केलेल्या फाइलप्रकारात बांधा. मेम या आर्केड इम्युलेटरसोबत सीएचडीमॅन नावाचा छोटा प्रोग्राम येतो. सीडीसाठी त्यातला क्रिएट-सीडी पर्याय, डीव्हीडीसाठी क्रिएट-डीव्हीडी. काही गमावलं जात नाही, उलट काढून पुन्हा बिन-क्यू मिळवता येतं. डकस्टेशन (पीएस १ चा इम्युलेटर) आणि पीसीएसएक्स २ दोन्ही सीएचडी थेट वाचतात.

ओरखडलेल्या डिस्कसाठी वेग कमी करा. न जमल्यास दुसरा ड्राइव्ह लावून बघा. एकाला न वाचलेला सेक्टर दुसरा सहज वाचतो असं होतं. रीडंपरमध्ये फक्त राहिलेले सेक्टर पुन्हा वाचून भरायची सोय आहे, म्हणजे अख्खी डिस्क परत फिरवावी लागत नाही. आणि सीडीला पाठीपेक्षा पोट जपा. डेटाचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, लॅकरच्या पातळ पापुद्र्याआड असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहिणाऱ्या दुकानदारांनी किती डिस्का मारल्या त्याची गणती नाही. डीव्हीडीत थर दोन तबकड्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती या बाबतीत दणकट.

शनिवारपेठी

वाचनखूण साठवली. शंका: एवढी तंतोतंत प्रत निघते, तर मग ती कोऱ्या सीडीवर लिहून पीएस १ मध्ये का चालायची नाही? तेव्हा त्याला चिप बसवून घ्यायला लागायची.

शून्यएक

कारण कुलूप डेटात नाही, डिस्कच्या आकारात आहे. अस्सल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ट्रॅकला मुद्दाम नागमोडी वळण दिलेलं असतं आणि त्या वळणात प्रदेशाची खूण असते. रायटर बिट लिहितो, वळण काढू शकत नाही. चिप ती खूण मशीनला खोटीच पुरवायची. इम्युलेटरमध्ये हा प्रश्न येत नाही.

बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा तिच्यातलाच प्रोग्राम, मात्र लागतो. पीएस १ चा ५१२ केबीचा, पीएस २ चा ४ एमबीचा. तो सोनीचा प्रोग्राम आहे, इम्युलेटरसोबत येत नाही. स्वतःच्या मशीनमधून काढायचा. पीएस २ ला फ्री-मॅकबूट (बाहेरचे प्रोग्राम चालवू देणारं सॉफ्टवेअर) घातलेलं मेमरी कार्ड लावून पेन ड्राइव्हवर उतरवता येतो, त्यासाठी बायोसड्रेन म्हणून छोटा प्रोग्राम आहे. त्याच बैठकीत यूलॉन्चएल्फ या फायली हलवायच्या प्रोग्रामने पीएस २ च्या मेमरी कार्डावरचे सेव्हही पेन ड्राइव्हवर घेऊन टाका.

पीएस १ चं कार्ड १२८ केबीचं, वापरायला १५ ब्लॉक. ते आर्डुइनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाने वाचता येतं, मेमकार्डुइनो नावाचा तयार कोड आहे. तुम्हाला सोल्डरिंग येतं म्हणजे झालंच. मशीनची लेन्स गेली तरी कार्डं वाचतात, ती पुढे ढकलू नका.

वकिलीणबाई

बोलावणं आलंच आहे तर. हा सल्ला नव्हे, कायद्यात काय लिहिलंय तेवढं सांगते.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२, पोटकलम १. त्यातला एए हा खंड म्हणतो की संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याने हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप काढला तर ते उल्लंघन नाही, पण वापर मूळ कामासाठीच. त्याच पोटकलमातला एडी हा खंड स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यापारी, वैयक्तिक वापरासाठी प्रत करायला मुभा देतो. शनिवारपेठींच्या अस्सल डिस्का आणि अस्सल सफायर यांना हे लागू पडतं असं मी म्हणेन. नेटवरून उतरवलेल्या रॉमला नाही. "माझ्याकडे कॅसेट आहे, मग उतरवली तर काय झालं" हा युक्तिवाद या शब्दांत बसत नाही, कारण प्रत तुमच्या प्रतीवरून झालेली नाही.

कुलूप तोडण्याबद्दल २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए हे कलम आलं. त्यात हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूची अट महत्त्वाची. अमेरिकेचा कायदा या बाबतीत जास्त कडक आहे, तेव्हा मृदुलाताईंनी आमचं कलम तिकडे वापरू नये. इम्युलेटर हा प्रकार मात्र तिथेही आपोआप बेकायदा ठरत नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली तिथल्या नवव्या सर्किट न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला होता.

आता गोम. '९९९९९९९ इन १' ही मुळातच चोरीची प्रत आहे. तिला वरच्या दोन्ही खंडांचं छत्र नाही. उलट ६३बी कलम आहे, उल्लंघन करणारी प्रत माहीत असून संगणकावर वापरण्याबद्दल.

डाउनलोडराव

म्हणजे जी नेटवर ढिगाने आहे त्या अस्सलची प्रत काढायची परवानगी, आणि जी दुसऱ्या कोणाकडे नसेल तिची नाही? कमाल आहे.

वकिलीणबाई

कायदा हक्कदाराकडून बघतो, इतिहासकाराकडून नाही. ग्रंथालयांसाठी वेगळे खंड आहेत, पण ते तुमच्या माळ्याला लागू होत नाहीत. वापरलेल्या खोट्या प्रतीसाठी कोणी शनिवारपेठींच्या दारात पोलीस पाठवेल असं मला वाटत नाही. पण "वाटत नाही" आणि "परवानगी आहे" यांत फरक आहे, तेवढा लक्षात ठेवा. आणि अस्सल कॅसेट विकलीत तर तिची प्रतही ठेवू नका, कारण मग तुम्ही धारक उरत नाही.

शून्यएक

कायदा मान्य, तरी मी माझ्या मताला चिकटून आहे. फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला आणि तो अधिकृतपणे आपल्या घराघरांत फारसा पोचला नाही. पोचल्या त्या नकली मशिनी आणि या कॅसेटी. सेगाचा मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेसमार्फत १९९५ मध्ये अधिकृतपणे आला तेव्हा किंमत १८ हजार रुपये होती, कोणत्या घरात येणार होता तो? आपल्या पिढीचा खरा इतिहास त्या '९९९९९९९' मध्येच आहे, आणि तो मांडायचा तर कोणीतरी ती कॅसेट वाचायलाच हवी. वाचून जाहीर वाटत सुटावं असं माझं म्हणणं नाही.

वकिलीणबाई

मत असायला कलम आड येत नाही. :)

लॅमिंग्टनरोड

कॅसेटींकडे वळतो. सॅनीचं कार्ट रीडर बघा. आर्डुइनो मेगा २५६० वर बेतलेलं आहे, आराखडे खुले आहेत. स्वतः जोडायचं असेल तर सुटे भाग लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत निम्मे-अधिक मिळतील, बोर्ड छापून मागवावा लागेल. कॅसेट लावायची, एसडी कार्डवर फाइल येते. मेगा ड्राइव्ह किंवा सुपर निन्टेन्डो असेल तर काम सोपं, चिप सरळ पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत वाचायची.

फॅमिकॉमचं तसं नाही. त्याच्या प्रोसेसरला कॅसेटीतला प्रोग्राम एका वेळी ३२ केबीच्या खिडकीतूनच दिसतो. मारिओ त्यात मावतो: ३२ केबी प्रोग्राम, ८ केबी चित्रं. कॉन्ट्रा १२८ केबीचा, तो मावत नाही. मग कॅसेटीत मॅपर म्हणून एक सर्किट असतं, ते खिडकीसमोर आलटून पालटून तुकडे आणतं. मॅपरचे प्रकार शेकडो. वाचणाऱ्या यंत्राला मॅपर कोणता ते सांगितलं नाही तर पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि फाइल भरल्यासारखी दिसते. अस्सल खेळांचे मॅपर माहीत आहेत. '९९९९९९९' उघडाल तर आत नाव-गाव नसलेला काळा डांबरी ठिपका दिसेल, चिपवर थेट ओतलेलं इपॉक्सी. त्याखाली काय आहे ते बाहेरून कळत नाही. मल्टिकार्टचे (एकीत अनेक खेळ असलेल्या कॅसेटींचे) माहीत असलेले मॅपर एकेक लावून बघायचे, निघालेली फाइल मेसेन या फॅमिकॉमच्या इम्युलेटरमध्ये टाकायची, मेन्यू नीट उठतो का आणि प्रत्येक खेळ सुरू होतो का ते बघायचं.

त्या ९९९९९९९ मध्ये खरे खेळ मूठभरच असतात, हे सांगायला नकोच. बाकीचे तेच खेळ, वेगळ्या लेव्हलपासून किंवा जास्त जीव देऊन सुरू होणारे. मेन्यू मूळ खेळात उडी मारण्याआधी मेमरीतले दोन-चार आकडे बदलतो. ते आकडे काय ते बघणं हीच माझ्या मते त्या कॅसेटची सगळ्यात मजेशीर गोष्ट.

फायलीच्या पुढे १६ बाइटचं आयएनईएस हेडर लागतं, त्यात मॅपरचा क्रमांक असतो. नो-इंट्रोशी आकडे जुळवताना हेडर वगळून जुळवा, नाहीतर बरोबर प्रतही चूक दिसेल.

अवांतर: बंदुकीचे खेळ लॅपटॉपवर त्या बंदुकीने चालणार नाहीत. ती जुन्या काचेच्या टीव्हीच्या झपकीवर चालायची. माउसने मारा बदकं.

मृदुला_एडिसन

माझ्याकडे एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचा अमेरिकी अवतारसुद्धा आहे, ७२ पिनांचा. शनिवारपेठींच्या ६० पिनांच्या कॅसेटी त्यात बसतील का? पुढच्या खेपेला भारतात येताना...

लॅमिंग्टनरोड

मधे ६० ते ७२ चा जोड लागतो, वेगळा मिळतो. गंमत म्हणजे जायरोमाइट या खेळाच्या सुरुवातीच्या काही अमेरिकी कॅसेटींत निन्टेन्डोने स्वतःच जपानी ६० पिनी बोर्ड असा जोड लावून भरला होता.

शनिवारपेठी

मधला अहवाल. सफायर अस्सल निघाली, सेव्ह आणि रॉम उतरले. पीएस १ च्या दोन डिस्कांचे आकडे रीडंपशी जुळले, एकीचा ऑडिओ ट्रॅक अडला आहे, मित्राचा ड्राइव्ह आणणार आहे. कार्ट रीडर हाती आलं, तयारच घेतलं.

मारिओ पहिल्या झटक्यात निघाला आणि आकडा नो-इंट्रोशी जुळला. पण लॅपटॉपवर खेळतो तर भलताच वेगात! संगीत पळतंय, मारिओ पळतोय, पहिल्याच खड्ड्यात गेलो. आकडा जुळतोय म्हणजे प्रत बरोबर. मग इम्युलेटरमध्ये काही चुकतंय का? की माझं वय?

शून्यएक

दोन्ही नाही. लॅपटॉपवरचा वेग मूळ आहे, तुमच्या घरातला मंद होता.

अमेरिका-जपानचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रांचा, आपला पाल ५० चा. खेळाची घड्याळं चित्रांवर बांधलेली, त्यामुळे ५० वर सगळं सावकाश. पण युरोपातल्या अधिकृत पाल एनईएसमध्ये प्रोसेसरही मंद केला होता आणि त्यासाठी काही खेळ बदलून काढले. आपल्या नकली मशिनींपैकी बऱ्याच तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपवर होत्या. त्यात युक्ती अशी, की चित्रं ५० ठेवायची पण प्रोसेसरचा ठोका मूळच्या जवळ, १.७९ ऐवजी १.७७ मेगाहर्ट्झ. त्यामुळे जपानी कॅसेटी न बदलता चालायच्या. आवाजाची पट्टी जवळपास तीच राहायची, फक्त लय उतरायची. रशियात हीच चिप डेंडी नावाच्या मशीनमध्ये होती, म्हणून इम्युलेटरमध्ये या प्रकाराला डेंडीच म्हणतात.

मेसेनमध्ये प्रदेश 'ऑटो' असतो, तो 'डेंडी' करा. फाइल तीच, फक्त मशीन बदलेल.

शनिवारपेठी

केलं. हाच तो! अहो हेच ते संगीत. १-१, म्हणजे पहिली लेव्हल, एका दमात पार.

डाउनलोडराव

हे मात्र माहीत नव्हतं. मीही डेंडी लावून पाहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझाच हात मंदावला.

बंड्या_९०

आणि आमच्या शाळेतल्या फ्लॉप्या? डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शियाच्या, साडेतीन इंची. मामाकडे खोकंभर आहेत. त्या वाचता येतील की गेल्या?

शून्यएक

आशा सोडू नका. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा, ॲपल टू वरचा. त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर याच्याकडून मूळ सोर्स कोड हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात साडेतीन इंची फ्लॉप्यांचं खोकं सापडलं, जाणकारांना बोलावून ते वाचलं, आणि कोड जगासमोर आला. वीस वर्षांहून जुन्या फ्लॉप्या होत्या त्या.

कोकणातल्या पावसाळ्याची हमी मी देत नाही. त्या शाळेच्या प्रती कुठून आलेल्या हेही विचारत नाही, वकिलीणबाई बघताहेत.

आधी फ्लॉपीचा धातूचा पडदा सरकवून आतली तबकडी बघा. तिच्यावर बुरशीचे ठिपके असतील तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं डोकं घाण होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पाडतं. स्वच्छ असेल तर १.४४ एमबीच्या साध्या डॉस फ्लॉपीला यूएसबी ड्राइव्ह पुरतो. तो अडला, किंवा फ्लॉपीवर कॉपी-कुलूप असेल, तर ग्रीझवीझल घ्या. हा छोटा बोर्ड फायली वाचायच्या भानगडीत न पडता तबकडीवरचे चुंबकीय बदलच जसेच्या तसे उतरवून घेतो, अर्थ नंतर निवांत लावता येतो. फक्त त्याला जुन्या पीसीतला ३४ पिनांचा फ्लॉपी ड्राइव्ह लागतो. यूएसबीवाला चालत नाही.

लॅमिंग्टनरोड

जुने ड्राइव्ह भंगारवाल्यांकडे अजून मिळतात. घेताना पट्टीची केबलही मागून घ्या, ती नंतर शोधून सापडत नाही. आणि दुकानातच एक फालतू फ्लॉपी घालून मोटर फिरते का ते बघा.

बंड्या_९०

मामाला फोन लावला. तो म्हणतो खोकं आहे, पण त्यावर इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलीय.

लॅमिंग्टनरोड

आज संध्याकाळी जा.